विक्रीआधीचे घर: कोथरूडमधील एका सदनिकेच्या प्रकल्प नोंदी

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार

आत्याच्या सदनिकेची पहिली रीतसर पाहणी आज केली. इमारत १९८८ सालची, चार मजली आणि लिफ्ट नसलेली. सदनिका तिसऱ्या मजल्यावर, दोन शयनगृहांची, चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा) ५८५ चौरस फूट, म्हणजे साधारण ५४ चौरस मीटर. जिने चढणे गुडघ्यांना झेपेनासे झाल्यामुळे आत्याने याच भागात लिफ्ट असलेल्या इमारतीत लहान घर घेतले असून त्याचा ताबाही तिला मिळालेला आहे. हे घर विकले गेले की त्या घराचे कर्ज फिटेल. गेली बावीस वर्षे मी अंतर्गत सजावटीची कामे करीत आले, परंतु ती जवळजवळ सगळी घरात राहायला येणाऱ्यांसाठी होती. निघून जाणाऱ्यासाठी घर मांडण्याचे हे माझे तिसरेच काम, आणि नात्यातले पहिले.

आत्याच्या अटी दोनच आहेत, आणि त्या तिने पाहणी सुरू होण्याआधीच सांगितल्या. "सव्वा लाखाच्या वर एक रुपया जाता कामा नये, आणि घर परक्याचे वाटता कामा नये." पहिली अट पाळणे सोपे आहे.

जे दिसले ते क्रमाने लिहून ठेवते. दिवाणखाना १० बाय १६ फुटांचा आणि पूर्वाभिमुख असल्याने सकाळी त्यात भरपूर उजेड येतो, मात्र खिडकीला दुहेरी जाड पडदे असून अलीकडे तीन आणि एक-एक आसनांचा सोफा, दोन वेताच्या खुर्च्या व एक दिवाण असल्यामुळे तो उजेड खिडकीपाशीच थबकतो. आतल्या खोल्यांकडे जाणारा बोळ तीन फूट रुंद आहे; तिथे चौदा इंच खोलीचे चपलांचे कपाट ठेवल्याने चालायला बावीस इंच उरतात आणि प्रत्येक माणूस नकळत खांदा तिरका करून आत जातो. घर बघायला येणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, "घर जरा अडचणीचे वाटले" एवढेच तो घरी जाऊन म्हणतो. स्वयंपाकघराचा कडप्पाचा ओटा उत्तम स्थितीत आहे. जमिनीला सगळीकडे मूळचे मोझॅक असून त्यावर छत्तीस-सदतीस वर्षांचा मळकट थर बसला आहे. एका कोपऱ्यात कपाटाखाली ज्या फरश्या झाकलेल्या राहिल्या, तिथे काळ्या, पांढऱ्या आणि पिवळसर खड्यांची मूळ नक्षी अजून स्वच्छ दिसते.

शेवटची बाब गंभीर आहे. सामाईक न्हाणीघराच्या भिंतीला, बोळाच्या बाजूने, जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत ओल आहे. रंगाचे पोपडे सुटले असून खाली लोणा (क्षारांची पांढरी पूड) धरला आहे. आत्या त्यापुढे बांबूची परडी ठेवते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मालमत्ता एजंट येऊन गेले. गृहस्थ अनुभवी आणि मनाने चांगले, पण त्यांच्या डोळ्यांसमोर बाणेर-बालेवाडीतील नव्या इमारतींचे नमुना फ्लॅट असावेत. त्यांनी सुचवलेली कामे अशी: दिवाणखान्यात जिप्समचे खोटे छत व त्याच्या कडेने दिव्यांच्या पट्ट्या, एका भिंतीला पोताचा गडद रंग, मोझॅकवर व्हिट्रिफाइड फरशी, बाल्कनीत कृत्रिम हिरवळ, आणि ओलीच्या भिंतीवर लाकडी पट्ट्यांचे आवरण. शेवटची सूचना त्यांनी सर्वांत सहजपणे केली.

मी त्यांना उलट क्रमाने उत्तरे दिली. ओलीवर आवरण बसवणे म्हणजे दोष झाकणे, आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही लक्षात येणार नाही असा मिळकतीतील महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे काम आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी बंद आवरणामागे ओल वाढतच राहते आणि सहा महिन्यांनी त्या भिंतीला बुरशीचा वास येऊ लागतो. मोझॅकवर नवी फरशी घातली तर जमीन दीड-दोन इंच वर येईल, सर्व दारे खालून कापावी लागतील आणि न्हाणीघराचा उंबरठा जमिनीच्या बरोबरीला येऊन पाणी बाहेर यायची सोय होईल. छत खाली घेतले तर साडेनऊ फुटांची उंची नऊ फुटांवर येईल. या घराकडे नव्या इमारतींहून अधिक असलेल्या दोन-तीन गोष्टींपैकी ती एक आहे, ती पैसे देऊन घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. पोताच्या भिंतीबद्दल मी काही बोलले नाही, कारण मीही २०१० च्या सुमारास अशा बऱ्याच भिंती करून दिल्या आहेत.

क्षेत्रफळाचाही प्रश्न निघाला. त्यांच्या मसुद्यात "८०० चौरस फूट" असे लिहिलेले होते. आत्याच्या मूळ करारनाम्यात बांधीव क्षेत्र (भिंतींची जाडी वगैरे धरून) ७०२ आहे आणि मी स्वतः मोजलेले चटई क्षेत्र ५८५ आहे. हे दोन्ही आकडे, त्यांच्या नावांसह, द्यायचे असे ठरले. आठशेच्या आशेने तीन जिने चढून आलेला माणूस पहिल्या खोलीतच मनातल्या मनात दोनशे फूट वजा करू लागतो आणि मग त्याला चांगलेही काही दिसत नाही. पुनर्विकासाचे गाजर दाखवायचे नाही, हेही ठरले. सोसायटीत चर्चा झाली आहे, ठराव झालेला नाही, तेव्हा विचारणाऱ्याला एवढेच सांगायचे.

वेळेचे गणित मात्र एजंटांनी अचूक मांडले. गणपती २७ तारखेला, त्यानंतर ८ ते २१ सप्टेंबर पितृपक्ष. या पंधरवड्यात घर बघायला कोणी येणार नाही आणि आलेच तरी बोलणी पुढे नेणार नाही. म्हणून मोठी कामे पितृपक्षात उरकायची आणि २२ तारखेला, घटस्थापनेला, घर दाखवायला खुले करायचे.

२३ ऑगस्ट, शनिवार

आवराआवरीचा पहिला दिवस, आणि या कामातला सर्वांत कठीण. पोटमाळ्यावरून तांब्याचा बंब, दोन ट्रंका, पितळी डब्यांची उतरंड, पाळण्याच्या साखळ्या, आतोबांच्या कार्यालयीन फायली आणि १९९० च्या दशकातील दिवाळी अंकांचे चार गठ्ठे उतरवले. नियम असा ठेवला की प्रत्येक वस्तू तीनपैकी एका ठिकाणी जाईल: नव्या घरी, नातेवाइकांकडे किंवा मोडीत. चौथी जागा, म्हणजे "असू दे तूर्त", ठेवायची नाही. दुपारपर्यंत चौथ्या जागेत अकरा वस्तू जमल्या होत्या आणि मी त्याकडे दुर्लक्ष केले.

पोटमाळा रिकामा करण्यामागे कारण आहे. जुने घर बघणारी माणसे, विशेषतः स्त्रिया, कपाटांची आणि माळ्याची दारे उघडून पाहतातच. ठासून भरलेला माळा हे घर साठवणीला अपुरे असल्याची कबुली ठरतो, आणि अर्धा रिकामा माळा तेच घर प्रशस्त ठरवतो. तरीही कपाटे पूर्ण रिकामी करू नयेत असे माझे मत आहे. घड्या घातलेल्या चादरींचे दोन थर दिसले, तर किती मावते ते बघणाऱ्याला कळते.

भिंतींवरून तीन कॅलेंडरे, सतरा तसबिरी आणि दोन बंद पडलेली घड्याळे उतरवली. आतोबांच्या हार घातलेल्या तसबिरीविषयी मी काही सुचवण्याआधीच आत्या म्हणाली, "यांना आधी तिकडे नेऊ, मग बाकीचे सामान." त्याप्रमाणे आज पहिल्या टेम्पोत, तिच्या मांडीवर, ती तसबीर नव्या घरी गेली.

देवघर हलवायचे नाही, असा निर्णय घेतला. खासगी खुणा काढून टाकाव्यात हा संकेत मला मान्य आहे, पण स्वयंपाकघरातील कोनाड्यात बसवलेले लहानसे लाकडी देवघर ही इथे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या दृष्टीने सोय आहे, त्यांच्यापैकी प्रत्येक घरातील कोणीतरी "देव कुठे ठेवायचे?" असे विचारणारच, आणि त्याचे उत्तर आधीच जागेवर असलेले बरे. देवघराभोवतीची अगरबत्तीची पुडकी, तेलाच्या बाटल्या आणि भिंतीवरचा काजळीचा पट्टा मात्र जाईल.

२५ ऑगस्ट, सोमवार

ओलीचे कारण शोधले. परवा रात्री न्हाणीघराकडे जाणारा पाण्याचा नळ मुख्य कॉकपाशी बंद करून ठेवला होता. भिंतीवर खडूने आखलेली ओलीची कड सकाळी जराही हलली नव्हती, त्यामुळे दाबाच्या पाइपाची शक्यता कमी झाली. काल सकाळी न्हाणी ट्रॅपमध्ये (जमिनीवरचे पाणी जिथून वाहून जाते त्या जाळीखालच्या भांड्यात) चिंध्या व माती ठासून जमिनीवर दीड इंच पाणी उभे केले आणि चोवीस तास तसेच ठेवले. आज सकाळी पाणी अर्ध्यावर आले होते, भिंतीवरची कड खडूच्या वर बोटभर सरकली होती, आणि खालच्या मजल्यावरील आजींनी आपल्या छतावरचा जुना डागही ओलावल्याचे बोलावून दाखवले. ट्रॅपभोवतीचा सांधा सुटला आहे आणि जमिनीच्या फरश्यांमधील सांध्यांतले सिमेंट झिजून गेले आहे. भिंत निर्दोष आहे. ती फक्त पाणी वर ओढते आहे.

रंगाऱ्याचे म्हणणे होते की खरवडून, लांबी (पुट्टी) भरून, ओलरोधक रंगाचे दोन हात मारले की "पार्टीला कळणार नाही". त्याला बोळाचे काम सध्या वगळायला सांगितले.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काम बंद. दीड दिवसाचा गणपती आज विसर्जित झाला. अर्ध्या रिकाम्या दिवाणखान्यात पहिल्यांदाच आरतीला सगळे उभे राहू शकले, हे तीन जणांनी तीन वेळा बोलून दाखवले.

३० ऑगस्ट, शनिवार

न्हाणीघराची जमीन उकलली. ट्रॅप बदलला, त्याभोवती व भिंतीच्या कडेने वर नऊ इंचांपर्यंत जलरोधक लेप दिला, फरश्या पुन्हा बसवून सांधे इपॉक्सीने भरले. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे तारखेसह घेतली आणि गवंड्याकडून तपशीलवार पावती मागून घेतली. खर्च १८,५०० रुपये. बोळाच्या बाजूचा गिलावा तीन फुटांपर्यंत विटेपर्यंत काढून भिंत उघडी ठेवली आहे. वाळायला वेळ लागेल आणि हवा पावसाळी आहे, म्हणून समोर पंखा लावून ठेवला. आत्या म्हणते, "घर विकायला काढलेस की पाडायला?"

९ सप्टेंबर, मंगळवार

मोझॅकचे घासकाम कालपासून सुरू आहे. सुमारे ४८० चौरस फुटांचे काम, २४ रुपये दराने ११,५२०. आधी फुटलेल्या कडांत व सुईएवढ्या छिद्रांत मूळ रंगाशी मिळते सिमेंट भरले, मग यंत्राला जाड दाण्याचे दगड लावून पहिला घास, पुन्हा भरणी, त्यानंतर क्रमाने बारीक होत जाणारे दगड आणि शेवटी ऑक्झॅलिक ऍसिडची पूड टाकून नमदा (दाट लोकरीचे कापड) फिरवला. हे काम पाण्यावर चालते आणि त्यातून राखाडी रबडी निघते. ती मोरीत सोडली तर पाइपात सिमेंटसारखी बसते, म्हणून बादल्यांनी भरून खाली नेण्याची अट कामाच्या आधीच घातली होती. भिंतींना रबडीचे शिंतोडे उडतातच. यासाठीच लांबी आधी, घासकाम मध्ये आणि रंगाचा शेवटचा हात सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवला आहे.

काम करणाऱ्याने वरून चकाकीचा लेप सुचवला, "आरशासारखे दिसेल". नाकारला. आरशासारखी जमीन पाहून घरात वृद्ध माणसे असलेला खरेदीदार आधी घसरण्याचा विचार करतो, आणि मोझॅकची खरी शोभा त्याच्या खड्यांत आहे, चकाकीत नाही. संध्याकाळी जमीन पुसून कोरडी झाल्यावर आत्या बराच वेळ दारात उभी होती. तिला ही जमीन आठवत होती.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रंगाची निवड. छटापुस्तिकेतील टिचभर चौकोनावरून रंग ठरवू नये, हे मी अशिलांना सांगत आले आहे आणि तेच आज स्वतः पाळले: तीन छटांचे दोन बाय दोन फुटांचे चौकोन दिवाणखान्याच्या तीन भिंतींवर लावून सकाळी नऊला, दुपारी दोनला आणि रात्री दिव्यात पाहिले. शुभ्र पांढरा सकाळी चांगला दिसतो, पण रात्री रुग्णालयाची आठवण करून देतो; राखाडी छटा, जी हल्ली सर्वत्र चालते, ती मोझॅकमधील पिवळसर खड्यांपुढे मळकी दिसली. दुधात किंचित साय मिसळावी तसा पांढरा ठरवला, छत मात्र स्वच्छ पांढरे. सर्व खोल्यांना एकच रंग. प्रत्येक खोलीला वेगळा रंग दिला की ५८५ फुटांचे घर डोळ्यांना तुकड्यातुकड्यांत दिसते, आणि उंबरठ्यांवर रंग बदलला नाही की नजर सरळ शेवटच्या खिडकीपर्यंत जाते. सुमारे १,९०० चौरस फूट भिंती, साध्या प्लास्टिक इमल्शनचे दोन हात, २२ रुपये दराने ४१,८०० रुपये. महागडा रेशमी रंग घेतला नाही, कारण तो चकाकीमुळे जुन्या गिलाव्याची प्रत्येक लाट दाखवतो, आणि येणारे कुटुंब वर्षभरात आपल्या पसंतीचा रंग देणारच आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

आतोबांची तिथी. आत्याला श्राद्ध याच घरी करायचे होते, म्हणून रंगाऱ्यांना सुट्टी दिली होती आणि स्वयंपाकघर काल रात्रीच आवरून ठेवले होते. काम नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

दिवे. या घरात दिव्यांची गंमत अशी होती की दिवाणखान्यात ६,५०० केल्विनची (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप, आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर) निळसर नळी, शेजारच्या खोलीत पिवळा बल्ब आणि स्वयंपाकघरात दोन्ही एकत्र. एका दारातून दुसऱ्यात जाताना ऋतू बदलल्यासारखे वाटे. आता दिवाणखाना, बोळ व शयनगृहांत ३,००० केल्विन, स्वयंपाकघर व न्हाणीघरांत ४,००० केल्विन. दिवाणखान्यात पूर्वी सुमारे २,००० ल्युमेनची (ल्युमेन हे प्रकाशाच्या प्रमाणाचे माप) एकच नळी होती; तिथे आता समोरासमोरच्या भिंतींवर दोन आणि कोपऱ्यात एक उभा दिवा आहे. बटणांच्या पिवळ्या पडलेल्या पट्ट्या बदलल्या. एकूण ४,६०० रुपये, आणि खर्चाच्या मानाने सर्वांत मोठा फरक याच कामाने पडला असे मी म्हणेन.

बोळाच्या भिंतीची वीट कोरडी झाल्यावर १३ तारखेला नवा गिलावा केला आहे. त्यावर इतक्यात इमल्शन द्यायचे नाही, हे ठरवून टाकले. सिमेंटच्या गिलाव्याला पूर्ण वाळायला महिनाभर द्यावा लागतो, आणि त्याआधी वर रंगाचा पापुद्रा चढवला तर आतली ओल अडकून तोच फोड पुन्हा येतो. २० तारखेला फक्त चुन्याचा हात द्यायचा, कारण चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकते. तो तुकडा शेजारच्या भिंतीहून वेगळा दिसेल. एजंटांना हे फोनवर कळवले. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मांडणी. आज माझ्या हातून दोन चुका झाल्या, आणि त्या दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध टोकाच्या होत्या.

पहिली अशी की लहान शयनगृह मी पूर्ण रिकामे केले होते. दहा बाय दहाची रिकामी खोली मोठी दिसेल असा समज असतो, प्रत्यक्षात ती लहान दिसते, कारण मोजमापाला डोळ्यांसमोर काहीच नसते आणि "इथे पलंग बसेल का?" ही शंका सुटत नाही. पाच बाय साडेसहा फुटांचा पलंग परत आणून भिंतीला समांतर ठेवला, एका बाजूला अडीच फूट वाट ठेवून लोखंडी कपाटाचे दार पूर्ण उघडते हे तपासले. खोली एकदम ओळखीची झाली.

दुसरी चूक दिवाणखान्यात. सोफ्याची एक-एक आसने आणि दिवाण गेल्यावर जी जागा मोकळी झाली ती पाहून माझा हात सैल सुटला: माळ्यावरचा बंब घासून कोपऱ्यात ठेवला, त्यात सुकी कणसे खोवली, पितळी उरळीत झेंडू-शेवंतीच्या पाकळ्या व तरंगते दिवे ठेवले, सोफ्यावर सहा उशा, भिंतीवर वारली चित्राची चौकट, आणि वर सुवासिक तेलाचा दिवा. आत्या चहा घेऊन आली, सगळे पाहून म्हणाली, "छान आहे गं. कोणाचे लग्न आहे?" मी हसण्यावारी नेले आणि मांडणी तशीच ठेवली, हे इथे नोंदवणे भाग आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी आठ ते दहा या वेळात छायाचित्रे. पडदे नवे, एकेरी सुती, छतापासून जमिनीपर्यंत. कॅमेरा छातीच्या उंचीवर, भिंतींच्या कडा चौकटीत सरळ उभ्या, आणि फोनमधील ०.५ चे रुंद भिंग अजिबात वापरायचे नाही, कारण त्यात दहा फुटांची खोली सोळा फुटांची दिसते आणि तो खोटेपणा दारात पाऊल टाकताच उघडा पडतो. एकूण चौदा चित्रे निवडली. त्यांत जिना आणि बाहेरील इमारतही आहे. लिफ्ट नाही, हे मजकुराच्या दुसऱ्याच ओळीत घातले. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी यायचेच नाही, यात दोघांचाही वेळ वाचतो.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. तीन कुटुंबे आली. पहिल्या कुटुंबातील आजोबा दारातच थांबले, हवेत नाक उंचावले आणि शांतपणे विचारले, "कसला वास झाकताय?" झाकण्यासारखे काहीच नव्हते, सुवासिक तेल मी केवळ हौसेने लावले होते. परंतु त्यानंतर ते जोडपे प्रत्येक खोलीत कोपरे हुंगत फिरले आणि चुन्याचा तुकडा दिसताच एकमेकांकडे पाहिले. मी पावती व छायाचित्रे दाखवली, पण विश्वास एकदा ढळला की कागदाने परत येत नाही. दुसऱ्या कुटुंबातील लहान मुलाने उरळीतले पाणी मोझॅकवर सांडले. तिसऱ्या बाईंनी वारली चित्र कुठून घेतले हे विचारले, स्वयंपाकघर पाहिलेच नाही.

संध्याकाळी बंब, कणसे, उरळी, तेलाचा दिवा, चौकट आणि चार उशा नव्या घरी पाठवल्या. खिडक्या उघड्या ठेवल्या. दिवाणखान्यात आता तीन आसनांचा सोफा, दोन वेताच्या खुर्च्या, एक लहान टेबल आणि बाल्कनीच्या दारापाशी आत्याची मनीप्लँटची जुनी कुंडी आहे. दारावर साधे आंब्याच्या पानांचे तोरण, तेही नवरात्र म्हणून.

२७ सप्टेंबर, शनिवार

या आठवड्यात सहा कुटुंबे. घर दाखवण्याची वेळ शक्यतो सकाळी अकराच्या आत ठेवते, कारण या घराची जी बाजू भक्कम आहे, म्हणजे पूर्वेचा उजेड, ती तेव्हाच दिसते. दुपारी चारला दाखवून दिव्यांनी भरपाई करण्यात अर्थ नाही. वास्तूविषयी विचारणा होतेच. दिवाणखाना पूर्वेला आणि ओटा आग्नेयेला आहे एवढी वस्तुस्थिती होकायंत्रासह दाखवते, त्याचा अर्थ सांगत नाही.

आजच्या कुटुंबात सासूबाई, मुलगा, सून असे तिघे होते. सासूबाईंनी बोळात थांबून चुन्याच्या तुकड्यावर तळवा सपाट ठेवला आणि मिनिटभर तसाच धरला. मग सुनेला म्हणाल्या, "कोरडी आहे, पण रंग का नाही दिला?" मी कारण सांगितले, न्हाणीघराची छायाचित्रे व पावती दिली आणि खालच्या मजल्यावरील आजींचे छतही बघता येईल असे सुचवले. सून लगेच खाली जाऊन आली. त्यांनी माळ्याची दारे उघडली, नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला, टेप काढून लहान खोलीतील पलंग आणि कपाट यांमधले अंतर मोजले. दिवाणखान्यात बसल्यावर मुलगा म्हणाला की आधी पाहिलेल्या दोन घरांत खोटे छत होते आणि त्यामागे काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. एजंटांनी माझ्याकडे पाहणे टाळले.

३० सप्टेंबर, मंगळवार

तेच कुटुंब स्वतःचा प्लंबर घेऊन आले. त्याने ट्रॅप उघडून पाहिला, बोळाच्या भिंतीवर टकटक केली आणि स्वयंपाकघरातील सिंकखालचा जुना लोखंडी पाइप दोन वर्षांत बदलावा लागेल असे सांगितले. बरोबर आहे, माझ्या यादीत तो होता, पण मर्यादेत बसला नाही. आत्याने ९२ लाख मागितले होते, चर्चा ८८ वर आली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सकाळी टोकनची रक्कम स्वीकारली आणि सोन्याची पाने दिली-घेतली. पुढील कागदपत्रांची यादी एजंटांनी केली आहे: मूळ करारनामा, सूची दोन (नोंदणी कार्यालयातील खरेदीच्या नोंदीचा उतारा), भागपत्र (सोसायटीचे शेअर प्रमाणपत्र), सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्ता कराची पावती. किंमत ५० लाखांहून अधिक असल्याने खरेदीदार १ टक्का, म्हणजे ८८,००० रुपये, कर म्हणून मुळातून कापून सरकारकडे भरतील, हे आत्याला आजच समजावून ठेवले, नाहीतर रक्कम हाती येताना तिला चार जणांवर संशय आला असता.

करारनाम्यासोबतच्या परिशिष्टात न्हाणीघराची दुरुस्ती, तिची तारीख आणि सिंकखालच्या पाइपाची स्थिती या तीन ओळी घालायला सांगितल्या.

५ ऑक्टोबर, रविवार

हिशेब. रंग ४१,८००, न्हाणीघर व भिंत १८,५००, घासकाम ११,५२०, पडदे ९,८००, नळ, सिंक व बिजागऱ्या ७,३००, टेम्पो ७,०००, सखोल स्वच्छता ६,०००, खिडक्यांच्या काचा व जाळ्या ५,२००, दिवे ४,६००. एकूण १,११,७२० रुपये. फुले, कणसे, सुवासिक तेल आणि चौकट यांचे २,९०० रुपये मी यात धरलेले नाहीत, ते माझ्या खिशातून.

सासूबाईंचा फोन आला होता. पडदे आणि देवघर जागेवर राहू द्याल का, असे त्यांनी विचारले. पडद्यांना आत्याने लगेच होकार दिला. देव नव्या घरी नेऊन झाल्यावर देवघरही ठेवायला तिची हरकत नाही, फक्त कोनाड्यातील खालची फळी सैल आहे आणि तिला आधी दोन स्क्रू मारून घ्यावे लागतील. त्यासाठी सुताराला मंगळवारी सकाळी बोलावले आहे.